उपयोजित कलाशिक्षण, महाराष्ट्रातील

उपयोजित कलाशिक्षण, महाराष्ट्रातील : अक्षर, चित्र, रंग व मोकळी जागा यांच्या हेतुपूर्वक रचनेतून एखादा आशय वाचकापर्यंत वा ग्राहकापर्यंत पोहोचविण्याच्या कलेचे पद्धतशीर शिक्षण. ग्रंथाचे मुखपृष्ठ, वृत्तपत्राची मांडणी, जाहिरात, भित्तिपत्रक, मालाचे वेष्टन, बोधचिन्ह, माहितीफलक, नकाशे व तक्ते, तसेच अलीकडच्या काळात संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील पृष्ठे हे सर्व या कलेचे क्षेत्र होय. इंग्रजीतील ‘ग्राफिक डिझाइन’ ही संज्ञा अमेरिकन ग्रंथसजावटकार डब्ल्यू. ए. ड्विगिन्झ याने १९२२ मध्ये वापरली व पुढे ती रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र हा विषय प्रथम ‘कमर्शिअल आर्ट’, नंतर ‘उपयोजित कला’ आणि त्यानंतर ‘दृक्संवाद’ वा ‘अभिकल्प’ अशा निरनिराळ्या नावांनी शिकविला गेला. हा केवळ संज्ञांचा बदल नव्हे. बाजारासाठी राबणारी कारागिरी, कलेची एक शाखा आणि स्वतंत्र ज्ञानशाखा अशा तीन भूमिकांतून या विषयाकडे पाहिले गेले, त्याची ती खूण आहे.

महाराष्ट्रात ही विद्या छापखान्यात जन्मास आली, कलाशाळेत वाढली व विद्यापीठात सर्वांत उशिरा पोहोचली. या प्रवासात तिला प्रतिष्ठा लाभली. परंतु जिच्यावाचून मराठी मुद्रणाचे पान उभेच राहू शकत नाही, त्या देवनागरी अक्षराचा अभ्यास बराच काळ अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहिला. या शिक्षणाच्या इतिहासातील हा मध्यवर्ती प्रश्न होय. तो समजून घेण्यासाठी मुंबईच्या कलाशाळेबरोबरच सातारा–सांगली भागातील काही उदाहरणेही उपयुक्त ठरतात. कारण कलाशाळेबाहेर ही कला कशी शिकली व वापरली गेली, हे तेथे स्पष्ट दिसते.

पूर्वपीठिका : मुद्रणासाठी देवनागरी अक्षर घडविण्याच्या महाराष्ट्रातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक मिरज येथे सिद्धीस गेला. नाना फडणीस यांच्या मनात भगवद्‌गीता छापून घ्यावी असे होते. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या साहाय्याने एका तांबट कारागिरास कोरीव ठशांचे काम शिकविण्यात आले होते. नानांच्या मृत्यूनंतर (१८००) हे काम अपुरे राहिले. पुढे मिरजेचे अधिपती गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने ते पूर्ण झाले व १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता छापली गेली. येथे प्रत्येक पान अखंड कोरलेले होते. सुटे खिळे नव्हते. अक्षर कोरणारा कारागीर तांबट होता व पोथीचे वळण हाच त्याचा वस्तुपाठ होता.

यानंतरच्या काळात मुंबई हे मराठी मुद्रणाचे केंद्र बनले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने देवनागरी खिळ्यांत सुधारणा घडवून आणल्या. गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर पंचांगे व धार्मिक ग्रंथ छापले, तसेच खिळे व शाई तयार करण्याचे स्वतंत्र प्रयोग केले. जावजी दादाजी (१८३९–९२) यांनी लहानपणी मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम केले. पुढे १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या अक्षराचे सौंदर्य हे राणोजी रावजी आरू या ठसे कोरणाऱ्या कलावंताच्या हाताचे फळ होय. यांपैकी कोणीही कलाशाळेत शिकलेला नव्हता. अक्षराची जाडी, शिरोरेषेची उंची, काना व मात्रा यांचे परस्परांशी प्रमाण यांविषयीचे सर्व ज्ञान हातात व डोळ्यांत साठविलेले होते आणि ते गुरूकडून शिष्याकडे काम करता करताच जात असे.

चित्रमुद्रणाची वाटचालही अशीच झाली. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा स्थापन केली. राजा रविवर्मा यांचा शिळामुद्रणाचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व काही वर्षांनी लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविण्यात आला. तेथून निघालेल्या रंगीत चित्रांनी देवदेवतांची रूपे घरोघर नेली. दिनदर्शिका व मालावरील वेष्टने यांसाठीही तीच चित्रभाषा प्रमाण ठरली.

जे. जे. कलाशाळा : सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ मध्ये दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही संस्था सुरू झाली. भारतीय हस्तव्यवसायांची सुधारणा हा तिचा मूळ हेतू होता. लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीनुसार प्रथम रेखन, मग भूमिती, मग अलंकरण अशा पायऱ्यांनी शिक्षण दिले जाई. जॉन लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स हे १८६५ मध्ये येथे शिक्षक म्हणून आले. संस्थेची स्वतंत्र वास्तू १८७८ मध्ये उभी राहिली आणि १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या कार्यशाळा निघाल्या. तथापि येथील चित्रकलेचे वर्ग हळूहळू व्यक्तिचित्रण, निसर्गचित्रण व भित्तिचित्रण यांकडे वळले आणि मुद्रण हा विषय शाळेबाहेरच राहिला. दादासाहेब फाळके हे १८८५ मध्ये या शाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले; परंतु मुद्रणाचा व्यवसाय त्यांनी शिळामुद्रणाच्या छापखान्यांतील प्रत्यक्ष कामातूनच आत्मसात केला.

किर्लोस्करवाडी व औंध : कलाशिक्षणाचा उद्योगाशी संबंध कसा जडतो, याचे लक्षणीय उदाहरण आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत विखुरलेल्या पूर्वीच्या औंध संस्थानात सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे चित्रकार होण्याच्या इच्छेने १८८५ मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाले होते. रंग ओळखण्याच्या दृष्टिदोषामुळे त्यांना ते शिक्षण सोडावे लागले व ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर, कुंडलच्या माळावर, त्यांनी १९१० मध्ये कारखाना काढला. हीच पुढील काळातील किर्लोस्करवाडी होय. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. औंध येथील चित्रसंग्रहालय हे त्यांच्या कलासक्तीचे स्मारक आहे.

शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते व काही काळ लाहोर येथे श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे ते शिकले होते. सातवळेकर हे वेदांचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध असले, तरी मुळात ते जे. जे. चे नामांकित विद्यार्थी होते. कारखान्यात आल्यावर शंकररावांनी नांगर व इतर अवजारे यांच्या प्रसिद्धीचे काम अंगावर घेतले. लोखंडी नांगर शेतकऱ्याला नवा होता. तो शब्दांनी सांगण्यापेक्षा चित्राने दाखविणे अधिक परिणामकारक होते. या प्रसिद्धीकार्यातूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्याच्या जोडीला ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके आली. मुखपृष्ठे, शीर्षके, व्यंगचित्रे, जाहिराती व पानांची मांडणी यांचा विचार एकाच संपादकीय दृष्टीने होत असल्याने या मासिकांना स्वतःचा चेहरा लाभला. ज्याला आज दृक्संवादाची एकसंध योजना म्हणतात, ती येथे एका खेडेवजा औद्योगिक वसाहतीत, मराठी वाचकासाठी व मराठी अक्षरांत सिद्ध झाली. मात्र तिचे शिक्षण देणारा अभ्यासक्रम त्या वेळी कोठेही नव्हता.

शेजारच्या कोल्हापुरातही अशीच परंपरा निर्माण झाली. बाबूराव पेंटर हे कलाशाळेत न शिकलेले चित्रकार व चित्रपटकार. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटाचे भित्तिपत्रक हे उपलब्ध असलेल्या आरंभीच्या सचित्र भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते. चित्रपटांचे पडदे व फलक रंगविणाऱ्या चित्रकारांच्या हाताखाली पुढील अनेक चित्रकार तयार झाले.

कमर्शिअल आर्ट विभाग : पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत कापडगिरण्या, औषधे, साबण, चहा व सिगारेट यांच्या विक्रीसाठी जाहिरातींचे प्रमाण वाढत गेले. गिरगावातील बी. दत्ताराम यांची जाहिरातसंस्था विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील असून, जे. वॉल्टर टॉमसन या अमेरिकन संस्थेची शाखा १९२९ मध्ये मुंबईत निघाली. अशा संस्थांना आराखडा करणारे, अक्षरे लिहिणारे व छपाईची अंगे जाणणारे चित्रकार हवे होते. या गरजेतून जे. जे. मध्ये १९३५ साली कमर्शिअल आर्ट विभाग सुरू झाला. व्ही. एन. आडारकर यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. या शिक्षणाच्या शेवटी शासकीय पदविका म्हणजे ‘जी. डी. आर्ट’ मिळे.

या विभागात रेखन, अक्षरलेखन, भित्तिपत्रक, वृत्तपत्रीय जाहिरात, वेष्टनरचना, ग्रंथचित्रण, छायाचित्रण व मुद्रणतंत्र हे विषय क्रमाने येत गेले. प्रत्येक कामाची वाटचाल ठराविक असे : प्रथम लहान आकारातील अनेक कच्चे आराखडे, त्यांतून निवडलेल्याचे मोठे रेखन, त्यानंतर प्रत्यक्ष आकारातील पक्के काम. पोस्टर रंगाचा सपाट हात, रेघणी पेनची एकसारखी रेघ व ब्रशने काढलेले नितळ कडेचे अक्षर ही विद्यार्थ्याच्या तयारीची प्रमाणे मानली जात. बहुतेक शिक्षक स्वतः व्यवसायात मुरलेले असत. त्यामुळे वर्गातील काम व बाजारातील काम यांत फार अंतर राहत नसे. मुंबईतील व्यावसायिक चित्रकारांनी १९४८ मध्ये कमर्शिअल आर्टिस्ट्स गिल्ड ही संघटना स्थापिली. पुढे तिचे नाव कम्युनिकेशन आर्ट्स गिल्ड असे झाले. तिच्या वार्षिक प्रदर्शनांनी विद्यार्थ्यांना व्यवसायातील चांगल्या कामाचे दर्शन घडविले.

या शिक्षणाबद्दल ललितकलेच्या वर्तुळात दीर्घकाळ कमीपणाची भावना होती. चित्रकार स्वतःसाठी चित्र काढतो व कमर्शिअल आर्टिस्ट गिऱ्हाइकासाठी, असा भेद केला जाई. ‘कमर्शिअल’ या शब्दाला लागून आलेला बाजारूपणाचा अर्थ टाळण्यासाठी ‘उपयोजित’ हा शब्द स्वीकारण्यात आला. १९६० च्या सुमारास हा विभाग मूळ शाळेपासून वेगळा होऊन सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट ही स्वतंत्र संस्था अस्तित्वात आली. राज्यातील कलाशिक्षणाच्या व्यवस्थेसाठी १९६५ मध्ये कला संचालनालयाची स्थापना झाली. पुणे, नागपूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), कोल्हापूर, सांगली इ. ठिकाणच्या शासकीय व खासगी कलामहाविद्यालयांतूनही या विषयाचे शिक्षण मिळू लागले. पुण्याचे अभिनव कला महाविद्यालय व सांगलीचे कलाविश्व महाविद्यालय ही त्यांपैकी काही होत.

मराठी ग्रंथ व नियतकालिके यांवर या शिक्षणाचा ठसा स्पष्ट दिसतो. दीनानाथ दलाल (१९१६–७१) हे जे. जे. मध्ये शिकले व ‘दीपावली’ या वार्षिकाने त्यांची चित्रे सर्वत्र नेली. बेळगाव भागातील भोज येथे जन्मलेले शि. द. फडणीस हे जे. जे. मधील कमर्शिअल आर्टचे विद्यार्थी. १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकापासून त्यांच्या शब्दविरहित हास्यचित्रांची मुखपृष्ठे गाजली. चित्रातील एकही रेघ वाया न घालविण्याची त्यांची शिस्त ही उपयोजित कलेचीच देणगी मानता येईल. रघुवीर मुळगावकर, द. ग. गोडसे, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे, सुभाष अवचट इत्यादींनी मराठी मुखपृष्ठाला निरनिराळी वळणे दिली.

विद्यापीठीय शिक्षण : पश्चिमेत वायमार येथील बाउहाउस (१९१९–३३) व उल्म येथील अभिकल्पविद्यालय (१९५३–६८) यांनी या विषयाचा पाया बदलला होता. केवळ हस्तकौशल्यावर भर न देता गरजेचे विश्लेषण, साहित्याचे गुणधर्म, वाचकाची ग्रहणक्षमता व समाजातील उपयोग यांचा विचार तेथे सुरू झाला. भारतात चार्ल्स व रे ईम्झ यांनी १९५८ मध्ये शासनाला सादर केलेल्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था निघाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्येच ललितकला विद्याशाखा सुरू झाली होती व कलेचे विद्यापीठीय शिक्षण तेथे रुजले होते.

महाराष्ट्रात या विचाराने प्रथम प्रवेश केला तो तंत्रशास्त्राच्या दारातून. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत (आयआयटी) १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र (आयडीसी) स्थापन झाले. त्याचे आद्य प्रमुख सुधाकर नाडकर्णी हे जे. जे. मध्ये व त्यानंतर उल्म येथे शिकलेले. एकाच व्यक्तीच्या शिक्षणात मुंबईची कारागिरी व उल्मची विश्लेषक दृष्टी यांचा हा संगम होता. केंद्रात आरंभी औद्योगिक वस्तूंच्या रचनेवर भर होता. पुढे दृक्संवाद या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि कालांतराने संशोधनाची व पदवीपूर्व शिक्षणाचीही सोय झाली.

जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट ही संस्था १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली व पदविकेच्या जागी ललितकलेची चार वर्षांची पदवी आली. १९३५ ते १९८१ या काळात शिकलेल्या विद्यार्थ्यांचे काम घरोघर पोहोचले होते. परंतु विद्यापीठाच्या लेखी ते पदवीधर नव्हते. उच्च शिक्षण, संशोधन, प्राध्यापकपद व परदेशातील प्रवेश या बाबतींत त्यांना ही उणीव जाणवे. पदवीमुळे ही अडचण बरीचशी दूर झाली. कलेचा इतिहास, सौंदर्यशास्त्र, जाहिरातव्यवस्थापन व प्रबंधलेखन यांना अभ्यासक्रमात अधिक स्थान मिळाले. मात्र लेखी परीक्षा, विषयांची गुणविभागणी व शिक्षकांच्या पात्रतेचे नियम आल्याने व्यवसायातील अनुभवी, पण पदवी नसलेल्या कलावंताला पूर्णवेळ अध्यापक होणे दुष्कर झाले. या बदलाची दुसरी बाजू म्हणून हे नमूद केले पाहिजे. सन २०२३ मध्ये जे. जे. च्या कला, उपयोजित कला व वास्तुकला या संस्थांना एकत्रितपणे अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २००० नंतर पुणे–मुंबई परिसरात खासगी अभिकल्पसंस्थाही मोठ्या प्रमाणात निघाल्या.

अक्षराचा प्रश्न : मुंबईतील जाहिरातव्यवसायाचा बराचसा व्यवहार इंग्रजीतून चाले. मूळ जाहिरात इंग्रजीत रचावयाची व नंतर तिचे मराठी, गुजराती, हिंदी रूपांतर त्याच चौकटीत बसवावयाचे, असा परिपाठ होता. साहजिकच कलाशाळेतील अक्षरलेखनातही रोमन वळणांचे तपशीलवार शिक्षण मिळे व देवनागरीचे त्या मानाने त्रोटक. परंतु या दोन लिप्यांची घडण भिन्न आहे. रोमन अक्षरे एका तळरेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. तिच्या वर मात्रा, वेलांटी व रफार आणि खाली उकार व ऋकार येतात, म्हणून दोन ओळींत अंतर अधिक लागते. रोमनच्या सव्वीस अक्षरांसमोर देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे जुन्या छापखान्यातील केसमध्ये कित्येकशे खिळे ठेवावे लागत. म्हणून रोमनसाठी आखलेल्या चौकटीत देवनागरी मजकूर भरला, की तो गर्दीचा किंवा खुजा दिसू लागतो. हा दोष लिपीचा नसून आखणीचा आहे, हे ओळखण्यासाठी लिपीचाच स्वतंत्र अभ्यास हवा.

ही उणीव काही व्यक्तींच्या परिश्रमाने भरून निघाली. शासकीय मुद्रण विभागात अधिकारपदावर असलेले बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी औपचारिक कलाशिक्षणाऐवजी वृत्तपत्राच्या कलाविभागातील कामातून अक्षर साधले. नाटकांच्या जाहिरातींतील त्यांची शीर्षके पाहूनच प्रेक्षकाला नाटकाच्या प्रकृतीची कल्पना येई. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे जे. जे. चे विद्यार्थी, कवी व जाहिरातकार. उल्का या जाहिरातसंस्थेत दीर्घकाळ काम केल्यावर १९८३ ते १९९६ या काळात त्यांनी औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. भारतीय लिप्यांचे उच्चार, हस्तलेखन, शिलालेख व मुद्रण यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी त्यांनी विद्यार्थ्यांना दिली. विंडोज प्रणालीबरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनीच रचला. जे. जे. मधून १९८२ मध्ये बाहेर पडलेल्या अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून तिच्या वळणांना नव्या सुलेखनात स्थान दिले.

संगणकाच्या आगमनानंतर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९८५ नंतर पृष्ठमांडणीची कामे संगणकावर होऊ लागली. पुण्यातील सी-डॅक ही शासकीय संस्था व ‘श्री-लिपी’सारख्या प्रणाली तयार करणारे खासगी उद्योग यांनी मराठी टंक उपलब्ध करून दिले. ब्रशने अक्षर काढण्याचे श्रम वाचले; परंतु तयार टंक निवडणे म्हणजेच अक्षररचना, असा समजही त्याबरोबर पसरला. एका प्रणालीतील मजकूर दुसरीत वाचता न येण्याची अडचण युनिकोड या सामाईक संकेतप्रणालीने (१९९१) पुढे दूर केली. मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ टंकांत असावेत, या आग्रहाला राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने आधार मिळाला. औद्योगिक अभिकल्प केंद्रातच शिकलेल्या डी. उदयकुमार यांचे रुपयाचे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. देवनागरी ‘र’ व रोमन ‘आर’ यांचा मेळ घालणाऱ्या या चिन्हात शिरोरेषेला अर्थ देण्यात आला आहे. लिपीचा अभ्यास केंद्रस्थानी आला, तर काय साधते, याचे ते बोलके उदाहरण होय.

ग्रामीण विद्यार्थ्याचा मार्ग : या सर्व संस्था शहरांत आहेत. पाटण तालुक्यातील कोयनानगरसारख्या, धरणप्रकल्पाच्या निमित्ताने वसलेल्या गावातील विद्यार्थ्याला त्यांचे दार उघडते ते शाळेतील चित्रकलाशिक्षकामार्फत. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा राज्यभरच्या माध्यमिक शाळांतून होत आल्या आहेत. वस्तुचित्र व स्मरणचित्र यांबरोबर संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन हे विषय त्यांत आहेत. चौकोनात वा वर्तुळात आकारांची संगती लावणे आणि आखलेल्या रेषांमध्ये अक्षरे समतोल बसविणे, हीच या विद्येची मुळाक्षरे. अशा रीतीने विद्यापीठात शिकविल्या जाणाऱ्या विषयाचा पहिला पाठ खेड्यातील माध्यमिक शाळेत गिरविला जातो. पुष्कळदा विद्यार्थ्याला मात्र त्याचे नाव ठाऊक नसते.

पुढील वाट तितकी सरळ नाही. सांगली वा कोल्हापूर येथे जाऊन पदविका घेणे किंवा राज्यस्तरीय प्रवेशपरीक्षेतून मुंबईची पदवी गाठणे, असे पर्याय असतात. शहरातील वास्तव्य, रंग व कागद आणि आता संगणक यांचा खर्च हा पहिला अडसर. इंग्रजीतून चालणारी चर्चा व सादरीकरण हा दुसरा. राष्ट्रीय पातळीवरील अभिकल्पसंस्थांच्या प्रवेशपरीक्षांत हा दुसरा अडसर अधिकच जाणवतो. जो विद्यार्थी मराठी पाटी, मराठी पुस्तक व मराठी वर्तमानपत्र वाचत वाढला, त्याचे हे ज्ञान प्रवेशाच्या वेळी गुण म्हणून मोजले जात नाही. वास्तविक मराठी वाचकासाठी काम करणाऱ्या रचनाकाराची ती पहिली शिदोरी होय.

समालोचन : उपयोजित कलेच्या विद्यापीठीय शिक्षणाने महाराष्ट्रात तीन गोष्टी साध्य केल्या. कारागिरीला शास्त्राचे अधिष्ठान मिळाले, व्यवसायाला पदवीची मान्यता मिळाली आणि संशोधनाची वाट मोकळी झाली. त्याच वेळी छापखाना व कारखाना यांच्याशी असलेला तिचा निकट संबंध सैल झाला. मिरजेच्या तांबटाला, निर्णयसागरच्या ठसेकाराला व किर्लोस्करवाडीच्या संपादकाला आपला वाचक कोण, हे नेमके माहीत होते. त्यांच्या रचनेचा कस वाचकाच्या डोळ्यांसमोर लागत असे. आजच्या विद्यार्थ्याजवळ त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत. ग्रामपंचायतीचा सूचनाफलक, शेतकऱ्याला दिली जाणारी औषधफवारणीची माहिती, शाळेचे पाठ्यपुस्तक, रुग्णालयातील दिशादर्शक पाट्या आणि धरणाच्या विसर्गाची पूर्वसूचना या सर्वांची रचना हा याच विद्येचा प्रांत आहे व त्यांतील बहुतेक मजकूर देवनागरीत असतो. नदीकाठच्या गावात लावलेली इशाऱ्याची पाटी दुरून व घाईत वाचता येते की नाही, हा सुशोभनाचा प्रश्न नसून माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अशा कामांना अभ्यासक्रमात जाहिरातीइतकेच महत्त्व मिळणे आणि लिपीचा अभ्यास ऐच्छिक न राहता पायाभूत होणे, यांवर या शिक्षणाची महाराष्ट्रातील पुढील उपयुक्तता अवलंबून राहील.